कडक आवाजाचा सोस

“आपले टॉप टायटॅनियमचे आहेत.” ऑर्डर घेताना हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आलो. समोरच्या माणसाला त्यातून काही कळत नसे, पण त्याचा चेहरा बदलायचा. खरं म्हणजे मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. टायटॅनियम विमानात वापरतात, महाग असतं, गंजत नाही. एवढ्या माहितीवर मी माझी सगळी श्रद्धा उभी केली होती. धातू भारी म्हणजे आवाज भारी, आणि आवाज जितका कडक तितका स्वच्छ. या दोन समजुतींवर मी धंदा केला, दुसऱ्यांच्या साउंडला नावं ठेवली आणि शिकायला आलेल्या पोरांनाही तेच शिकवलं. आज यातली एकही समजूत माझ्याकडे जशीच्या तशी उरलेली नाही. ती कशी गेली, ते लिहायचं आहे.

पोशीर हे माझं गाव, नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. तुळशीचं लग्न झालं की आमच्या भागात हळदी सुरू होतात. त्यांच्या जोडीला हरिनाम सप्ताह असतात, क्रिकेटच्या स्पर्धांचं समालोचन असतं, पुढे गणपती येतात. या सगळ्याला साउंड लागतो आणि तो मी पुरवतो.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या पेट्यांना आम्ही टॉप म्हणतो. खाली कागदी कोनाचा स्पीकर असतो, वर हॉर्न. हॉर्नच्या मागे मॅग्नेटचा जड गोळा बसवलेला असतो, तो कंप्रेशन ड्रायव्हर. त्याच्या पोटात घुमटासारखा एक पातळ पडदा असतो. तोच डायफ्राम. धातूचा असला तर त्याची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या ते चाळिसाव्या भागाइतकीच भरते. त्याच्या कडेला तारेची कॉइल चिकटवलेली असते. कॉइल मॅग्नेटच्या फटीत हलते, पडदा तिच्याबरोबर हलतो, आणि पडद्यासमोरची हवा अरुंद वाटांमधून दाबली जाऊन हॉर्नमध्ये शिरते. बाहेर पडायची वाट पडद्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी असते. या दाबामुळेच हा ड्रायव्हर एवढा जोरकस होतो. साध्या स्पीकरमध्ये विजेचा एखाद-दुसरा टक्का आवाज होऊन बाहेर पडतो, इथे पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत मजल जाते. माणसाच्या बोलण्यातले स, श, च, ट हे वर्ण, टाळांचा झणत्कार, शब्दाची धार, हे सगळं या पातळ पडद्यावरून येतं. म्हणून तो कशाचा आहे याला आमच्या धंद्यात एवढं महत्त्व.

बाबांचा धंदा भोंग्यांचा होता. गाडीच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, एक माईक, आणि वाडीवाडीला लग्नं. भोंग्याच्या मागच्या युनिटमधला डायफ्राम कापडाचा असायचा. कापड फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, तापवून, दाबून घुमटाच्या आकारात घट्ट केलेलं. पिवळट-तपकिरी रंगाचा तो पडदा बाबा ट्यूबलाइटखाली धरून बदलायचे. पट्टी फिरवून फट साफ करायची, कॉइल घासत नाही ना हे बघायचं, मग स्क्रू एकाआड एक आवळायचे. हात लागला की कापडच वाटायचं. मला त्याची लाज वाटायची, हे इथे स्पष्ट लिहितो. धंदा माझ्या हातात आल्यावर मी पहिल्यांदा भोंगे माळ्यावर टाकले. बाबा एवढंच म्हणाले, “शब्द कळला पाहिजे, बाकी तुझं तू बघ.” मी ते जुन्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. त्यांच्या त्या एका वाक्यात माझ्या धंद्याचं सगळं मोजमाप होतं आणि मी ते ऐकूनही घेतलं नाही.

माझ्या टॉपमध्ये पंचाहत्तर मिलिमीटर कॉइलचे टायटॅनियम ड्रायव्हर आले. मिक्सरवर मी चार हजार हर्ट्झचा पट्टा वर चढवून ठेवायचो, म्हणजे आवाज “कडक” येतो. हळदीत पोरं नाचायची, बोट वर करून “कडक” अशी दाद द्यायची. नवरीची आजी कानात बोटं घालून मांडवाच्या मागे जाऊन बसायची, आणि तीही मी माझ्या साउंडची ताकदच समजायचो. समोरचं माणूस दुखण्यापासून पळतंय, हे दिसत असूनही मला त्यात कौतुक दिसत होतं. यापेक्षा वाईट वाक्य मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही.

हे सगळं हललं ते गावच्या सप्ताहात.

भातकापणी उरकलेली होती. सप्ताह सुरू व्हायच्या आदल्या रात्री एका हळदीत उजव्या टॉपचा आवाज अचानक बसला. हॉर्नमधून नुसती चरचर येऊ लागली. सकाळी ड्रायव्हर उघडला तर टायटॅनियमच्या घुमटाला कडेपाशी केसासारखी चीर गेलेली. नेरळहून लोकल धरली, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. माझ्या मापाचा टायटॅनियम डायफ्राम त्या दिवशी मिळेना. एका दुकानदाराने त्याच कॉइलचा पॉलिस्टरचा पडदा पुढे केला. हातात घेतला तर पारदर्शक, हलका, प्लॅस्टिकच. मला तो घ्यावासा वाटत नव्हता. पण संध्याकाळी कीर्तन होतं. घेतला, बसवला, आणि मनात ठरवलं की गावातल्या गावात आहे, एवढ्या दिवसांत कोणाच्या लक्षात येणार नाही.

आमच्याकडे कीर्तनाला बायका एका अंगाला बसतात आणि पुरुष दुसऱ्या. डावा टॉप बायकांच्या बाजूला, त्यात टायटॅनियम. उजवा पुरुषांच्या बाजूला, त्यात तो पॉलिस्टरचा पडदा. मी मागे मिक्सरपाशी. अभंग झाला, निरूपण सुरू झालं, आणि थोड्या वेळाने मला बायकांच्या बाजूला एक मोकळी जागा दिसली. टॉपच्या समोरची पुढची सतरंजी हळूहळू रिकामी होत होती. कुणी उठून जात नव्हतं. एखादी बाई मूल मांडीवर घेताना जरा मागे सरकायची, दुसरी तिच्याशेजारी जागा करून बसायची. पुरुषांच्या बाजूला मात्र माणसं टॉपच्या अगदी पुढ्यात बसून ऐकत होती. मला वाटलं, बायकांकडे दिव्याचा झोत डोळ्यांवर येत असेल. दिवा वळवला. जागा रिकामीच राहिली.

कीर्तन संपल्यावर सतरंज्या गोळा करताना शेजारच्या आजींना विचारलं, “आजी, आज मागे का सरकलात?”

त्या म्हणाल्या, “बाबा, आवाज कानात शिरतो, पण महाराजांचा शब्द शिरत नाही. डोकं धरतं.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस आला तर माणूस आडोशाला जातो, तशा त्या सरकल्या होत्या. मी घरी आलो, पण झोप लागली नाही. दोन्ही टॉप एकाच कंपनीचे, एकाच वयाचे. मिक्सरची वायर एकच, पट्टे सारखेच. फरक फक्त पडद्याचा. आणि ज्या बाजूला मी स्वस्त माल बसवला होता, ती बाजू भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोणालाही न सांगता दोन्ही टॉपची अदलाबदल केली. टायटॅनियम पुरुषांकडे, पॉलिस्टर बायकांकडे. यात माझा हेतू चांगला नव्हता, हे मान्य करतो. मला आजींचं बोलणं खोटं ठरवायचं होतं. बायकांना गर्दी नको असते, थंडी असते, लहान मुलं असतात, असलं काहीतरी कारण निघेल आणि माझं टायटॅनियम सुटेल, अशी माझी आशा होती.

त्या संध्याकाळी बायका पुढे येऊन बसल्या. पुरुषांची पुढची रांग मागे सरकली. अगदी सगळी नाही, पण मागे पाठ टेकायला खांब नसतानाही बरेच जण सरकले. मी मिक्सरपाशी उभा होतो आणि मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. गावातल्या कुणालाही डायफ्राम म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. टायटॅनियमचं नाव त्यांच्यासमोर कुणी घेतलेलं नव्हतं. म्हणूनच त्यांचा निकाल खरा होता. मी आजवर नाव ऐकून मग आवाज ऐकत आलो होतो. त्यांनी फक्त आवाज ऐकला.

सप्ताह संपल्यावर मी दोन्ही टॉप भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात नेले. तिथे भिंत नाही, आवाज उलटून येत नाही. मोजणीचा माईक आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, पण ते मी तोवर पेट्यांच्या वेळा जुळवायलाच वापरायचो. या वेळी प्रत्येक टॉपला खालपासून वरपर्यंत सूर दिला आणि आलेख बघितला. टायटॅनियमच्या आलेखात नऊ-दहा हजार हर्ट्झच्या आसपास उंचवटे-खळगे होते, आणि सूर थांबल्यावरही त्या जागी आवाज जरा रेंगाळत होता. पॉलिस्टरचा आलेख वरच्या टोकाला लवकर उतरत होता, पण उतार सरळ होता आणि सूर थांबला की पडदा शांत होत होता.

मग मी वाचायला बसलो. जे वाचलं त्याने माझ्या श्रद्धेचा पायाच काढून घेतला.

पडदा किती चांगला हे ठरवताना त्याचा ताठपणा आणि वजन यांचं गुणोत्तर बघतात. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे दीडपट ताठ असतं, पण वजनालाही तितकंच जास्त. ॲल्युमिनियमची घनता २.७, टायटॅनियमची ४.५. दोन्हींत ध्वनी सेकंदाला साधारण ५,००० मीटर वेगानेच जातो. म्हणजे वजनाच्या मानाने टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा ताठ नाहीच. मग ते आलं कशाला? टिकाऊपणासाठी. ॲल्युमिनियम सतत वाकून थकतं आणि फाटतं, टायटॅनियम जास्त मार सोसतं. अमेरिकेतल्या जेबीएलने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या मोठ्या ड्रायव्हरमध्ये टायटॅनियम आणलं, तेव्हा या टिकाऊपणाचं वजन मोठं होतं. ज्या गुणाला मी आवाजाची शुद्धता समजून विकत होतो, तो मुळात मार सोसण्याचा गुण होता.

दुसरी गोष्ट अंगच्या शोषणाची. स्टीलच्या ताटावर टिचकी मारली तर ते किणकिणत राहतं, लाकडी पाटावर मारली तर टक होऊन थांबतं. प्रत्येक पडद्याला एक हद्द असते. त्या हद्दीच्या खाली तो एकसंध हलतो, कॉइल सांगेल तसं. हद्द ओलांडली की त्याचे तुकडे तुकडे वेगवेगळे थरथरू लागतात, एक भाग पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. धातूच्या पडद्यात ही हद्द वर असते, पण ती ओलांडल्यावर थरथर जिरत नाही, किणकिणत राहते. पॉलिस्टर, फिनॉलिक यांच्यात हद्द लवकर येते, पण थरथर त्यांच्या अंगात जिरते. पडद्याची परीक्षा म्हणून दोन ठिकाणी होते. तो किती उंचीपर्यंत आज्ञा पाळतो हे एक, आणि आज्ञा पाळता येईनाशी झाल्यावर कसा वागतो हे दुसरं. मी पहिल्या प्रश्नाचंही उत्तर ऐकीव घेतलं होतं. दुसरा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

बेरिलियमचंही वाचलं. घनता १.८५, ताठपणा टायटॅनियमच्या अडीचपटीहून अधिक, ध्वनीचा वेग सेकंदाला १२,००० मीटरच्या वर. त्याचा पडदा फार उंचीपर्यंत एकसंध हलतो. जपानच्या पायोनियरने टॅड या नावाखाली १९७०च्या दशकाच्या शेवटी असे ड्रायव्हर केले आणि स्टुडिओवाले आजही त्यांचं नाव आदराने घेतात. पण त्याची धूळ फुप्फुसाला विषारी, किंमत आमच्यासारख्याच्या हिशोबात न बसणारी. म्हणजे सगळ्यात “भारी” धातू हवाच असता, तर तोही टायटॅनियम नव्हता.

इतिहासही माझ्या विरोधात निघाला. बेल प्रयोगशाळेच्या वेंटी आणि थुरास यांनी घडवलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा ड्रायव्हर १९२६ सालचा. अमेरिकेत पडद्यावरची चित्रं बोलू लागली ती त्याच्या आधाराने, आणि त्याचा डायफ्राम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. पाच वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडेही सिनेमा बोलू लागला. ती सगळी सुरुवात टायटॅनियमशिवाय झाली. आणि ज्या जेबीएलच्या टायटॅनियमचं मी नाव घ्यायचो, त्याच कंपनीने २४८२ हा ड्रायव्हर फिनॉलिकच्या पडद्याचा केला होता. मोठ्या आवाजातलं बोलणं आणि मधले स्वर यांसाठी. बाबांच्या भोंग्यातल्या पडद्याचा हा थोरला भाऊ. पुढे २०१२ साली त्याच कंपनीने मोठ्या मैफलींसाठीच्या आपल्या टॉपमध्ये दोन पडद्यांचा नवा ड्रायव्हर आणला. ते दोन्ही पडदे पॉलिमरचे. मी ज्याला प्लॅस्टिक म्हणून हिणवत होतो, ते जगातल्या सगळ्यात महागड्या स्टेजांवर टांगलं जात होतं.

इथे थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण मी एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेलो. सगळ्या टॉपमध्ये पॉलिस्टर बसवलं आणि ज्याच्या-त्याच्यापाशी टायटॅनियमला शिव्या घालू लागलो. आधी एका वस्तूचा भक्त होतो, आता दुसरीचा झालो. ऐकायचं काम दोन्ही वेळा टाळलं.

त्याची शिक्षा क्रिकेटच्या मैदानावर मिळाली. उघडं मैदान, प्रेक्षक लांबवर पसरलेले. लांबच्या अंतरात हवा वरचे स्वर खाते, त्यात पॉलिस्टर वरच्या टोकाला आधीच उतरलेलं. समालोचकाचे शब्द पलीकडच्या बांधावर गोळा होऊन पोचू लागले. वरचा पट्टा चढवला तर ड्रायव्हर तापू लागला. तिथे मला टायटॅनियमच हवं होतं. माळ्यावरून भोंगाही काढला असता तर बोलण्यापुरता तो बरा ठरला असता. भोंगा खालचे स्वर देत नाही, वरचे देत नाही, पण मधला जो पट्टा शब्दाला लागतो तो तो लांब फेकतो. बाबांच्या धंद्यात गाण्यापेक्षा आवाहनं, निरोप, मंगलाष्टकं जास्त असायची. त्यांनी त्या कामाला योग्य वस्तू वापरली होती, आणि मी तिला गरिबी समजलो.

तरीही सप्ताहातला प्रश्न सुटत नव्हता. पट्टे मोजून दोन्ही टॉप सारखे केल्यावर माझ्या शेतातल्या चाचणीत त्यांच्यातला फरक बराच कमी झाला होता. मोठ्या आवाजावर तो पुन्हा दिसायचा, पण आजींना डोकं धरावं लागलं एवढा तो नव्हता. मग त्या रात्री नेमकं काय टोचत होतं?

याचं उत्तर मला कानाच्या डॉक्टरांकडे मिळालं. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते, म्हणून घरच्यांनी ढकलून पाठवलं होतं. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून एकेक सूर ऐकवला आणि कागद पुढे ठेवला. रेषा सरळ चालत येऊन चार हजार हर्ट्झपाशी खाली खोल उतरली होती, मग पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाचा कान बहुतेक वेळा याच जागी आधी जातो. गेलेलं परत येत नाही.

मी त्या कागदाकडे बघत बसलो. चार हजार हर्ट्झ. मिक्सरवर मी नेमका जो पट्टा वर चढवून ठेवायचो, तोच. माझ्या कानाला तिथे कमी ऐकू येत होतं, म्हणून मी तिथे जास्त ओतत होतो. ज्यांचे कान शाबूत होते त्यांना ते दुप्पट-तिप्पट टोचत होतं. दोन ते पाच हजार हर्ट्झ हा पट्टा माणसाच्या कानाला एरवीच सगळ्यात तीव्र ऐकू येतो. म्हाताऱ्या माणसांचं तर आणखी अवघड. त्यांना हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज वाढला की तो एकदम असह्य होतो. टायटॅनियमची किणकिण त्या ओतलेल्या आवाजावर चढत होती, पॉलिस्टरमध्ये तिला उठाव मिळत नव्हता. डाव्या टॉपमधल्या धातूचा दोष होता, पण त्याहून मोठा दोष मिक्सरपाशी उभ्या असलेल्या माणसाचा होता. मी वर्षानुवर्षं माझा बधिर झालेला कान सगळ्या तालुक्याच्या कानांवर लादत होतो, आणि त्याला दर्जा म्हणत होतो.

सप्ताहातल्या त्या रात्रीपेक्षा हा कागद मला जास्त लागला. त्या रात्री एका वस्तूवरचा विश्वास गेला होता. इथे माझ्या निवाड्यावरचा गेला. ज्याच्या जोरावर मी दुसऱ्यांचे साउंड नापास करत होतो, ते मापच वाकडं होतं. आणि ते वाकडं कशाने झालं? ज्या कडक आवाजाची मी जाहिरात करत होतो त्यानेच. शंभर डेसिबलच्या आवाजात दिवसाला पंधरा मिनिटांहून जास्त उभं राहू नये, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं माप सांगतं. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. हळदीत स्टेजसमोर शंभरच्या वर सहज जातं आणि कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालतो. तिथे नाचणारी पोरं माझ्याच गावची, माझ्याच पाहुण्यांची. त्यांच्या कागदावरही तो खळगा पडत असेल तर त्यात माझा हात आहे.

आता मी काय मानतो? डायफ्रामचं साहित्य महत्त्वाचं आहे, यात शंका नाही. ते कुठवर ताठ राहतं, हद्द ओलांडल्यावर किती लवकर शांत होतं, किती वर्षं टिकतं, याने आवाजाचा स्वभाव बदलतो. पण ते एकटं नसतं. घुमटाचा आकार, त्याच्या कडेची घडी, कॉइलचं माप, समोरच्या वाटांची घडण, हॉर्न, क्रॉसओव्हर (म्हणजे ज्या स्वराच्या वर हॉर्न आणि खाली कोन वाजतो ती सीमा) किती खाली लावला आहे, हे सगळं त्याच्या बरोबरीने बोलतं. क्रॉसओव्हर खाली ओढला की त्याच आवाजासाठी पडद्याला जास्त लांब हलावं लागतं. माझा टायटॅनियमचा घुमट चिरला तो धातू वाईट म्हणून नाही. जास्त दणका मिळावा म्हणून मी क्रॉसओव्हर त्याच्या पेलण्याच्या खाली नेला होता. आणि हॉर्नच्या अरुंद गळ्यातली हवा फार दाबली की ती स्वतःच आवाज बिघडवते, मग पडदा सोन्याचा असला तरी.

म्हणून आता कीर्तन-भजनाला मी पॉलिस्टरचे टॉप लावतो, उघड्या मैदानाला टायटॅनियमचे. चार हजारचा पट्टा माझ्या कानाने ठरवत नाही, मोजून सरळ ठेवतो, आणि मग कान चांगले असलेल्या घरातल्या मुलीला मांडवातून फिरून यायला सांगतो. ती म्हणेल ते शेवटचं. पोरं अजूनही “कडक पाहिजे” म्हणतात. त्यांना मी खालचा दणका देतो, वरचा टोचरेपणा देत नाही. काही ऑर्डर यामुळे गेल्या. जाऊ देत.

माझ्या धंद्यातल्या भावांना एकच सांगणं आहे. वर्षातून एकदा कान तपासून घ्या आणि तो कागद मिक्सरच्या पेटीत ठेवा. ज्याचा कान गेलाय त्याने आवाज लावू नये असं मी म्हणत नाही, मग मलाही लावता येणार नाही. पण आपल्याला काय ऐकू येत नाही, हे माहीत असल्याशिवाय लावू नये.

आणि तुम्ही, जे घरच्या हळदीला किंवा गावच्या सप्ताहाला साउंड ठरवता, आम्हाला धातूचं नाव विचारू नका. दोनच प्रश्न विचारा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळेल का? आणि पहिल्या रांगेतली म्हातारी कार्यक्रम संपेपर्यंत जागेवर बसू शकेल का? या दोन्हींचं उत्तर जो साउंडवाला आधी स्वतः मांडवात फिरून देईल, त्यालाच ऑर्डर द्या.